खरकट्यातून वीज : सूक्ष्मजीवांचे काम आणि आपले काम



साहित्याच्या व्यासपीठावरून खरकट्यासंबंधी बोलायचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. पण ‘डॉक्टर, गॅस झालाय’ ही तक्रार घेऊन माझ्या दवाखान्यात रोज चार माणसे तरी येतात. तेव्हा गॅसचा विषय डॉक्टरकडेच सोपवावा असे संयोजकांना वाटले असेल, तर त्यांचे फारसे चुकले नाही. पोटात जे घडते तेच बंद टाकीत घडवून आणले की त्यातून चूल पेटते, दिवा लागतो, हे आज मला सांगायचे आहे.

विषय परका नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की कार्यालयामागच्या पत्रावळींच्या ढिगावर काय काय पडलेले असते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मसालेभात, जिलेबी, न तोडलेल्या पुऱ्या. सकाळी गाडी येते आणि सगळे उचलून नेते. बेळगाव शहराचा कचरा तुरमुरीला जातो. म्हणजे पंगत आपल्या दारी आणि तिचा शेवट दुसऱ्या गावाच्या शिवारात. तिथे ढिगाखाली हवा पोचत नाही, अन्न कुजते आणि मिथेन वायू सुटतो. वातावरण तापवण्यात हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी आहे. हाच वायू टाकीत धरला तर इंधन होतो. फरक फक्त धरण्याचा आहे.

म्हणून आज तीन प्रश्न घेतो. हे काम सूक्ष्मजीव कसे करतात? त्यातून खरोखर किती वीज मिळते? आणि आपल्या भागात ते करायचे तर अडते कुठे?

ओळखीचे जीव

सूक्ष्मजीव म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण आपल्या स्वयंपाकघराचा निम्मा कारभार त्यांच्याच हाती आहे. रात्री दुधाला विरजण लावले की सकाळी दही होते. आंबोळीचे पीठ फुगून पातेल्याबाहेर येते ते त्यातल्या जिवांनी सोडलेल्या वायूमुळेच. उन्हाळ्यात पीठ चार-पाच तासांत आंबते आणि थंडीत त्याला रात्र पुरत नाही, हेही प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते.

आमच्या जैन घरांत या गोष्टीचा फार बारकाईने विचार झालेला आहे. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच दिवस आणि थंडीत सात दिवस, असा दंडक आजही पाळणारी घरे स्तवनिधीच्या आसपासच्या गावांत आहेत. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात दमटपणा आणि उष्णता यांचा अन्नातल्या जिवांशी संबंध आहे हे कुणीतरी नीट पाहून ठेवले होते. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी निरीक्षण म्हणून ते पक्के आहे.

आता या जिवांचे दोन मोठे वर्ग करू. काहींना हवा लागते. परड्यातल्या उकिरड्याचा वरचा थर कुजवून त्याचे खत करणारे ते हेच. दुसऱ्यांना हवा नको असते, काहींना तर ती विषासारखी असते. दलदलीच्या तळाशी, भातखाचराच्या चिखलात, गाई-म्हशींच्या पोटात हे राहतात. गाय बसून रवंथ करते तेव्हा तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असे अब्जावधी जीव कडबा पचवत असतात, आणि त्यातून तयार झालेला मिथेन ती ढेकरेवाटे बाहेर टाकते. तिच्या शेणातही ते असतात. म्हणून बायोगॅसची टाकी सुरू करताना तिच्यात आधी शेणकाला ओततात. ते विरजणच होय.

जुनी ओळख

दलदलीतून निघणारा हा वायू पेटतो, हे १७७६ साली इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराच्या काठचा वायू बाटलीत धरून दाखवले. पुढे १८०० मध्ये विजेचा पहिला घट बनवला तो याच माणसाने. आपण ‘व्होल्ट’ म्हणतो ते त्यांच्याच नावावरून. कुजण्यातून निघणारा वायू आणि घटातली वीज, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस असावा हा मोठा सुंदर योगायोग आहे.

१८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर गावी मैल्याच्या टाकीतला वायू रस्त्यावरच्या दिव्यांना वापरला गेला. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तेच घडले. तिथल्या मैल्याच्या टाकीवर वायू जमा करून त्यावर दिवे लावले गेले आणि पुढे इंजिनही चालवले गेले. बायोगॅसच्या जगाच्या इतिहासात माटुंग्याचे नाव असे अगदी सुरुवातीला येते.

हा आश्रम १८९० मध्ये ज्यांच्या पुढाकाराने उभा राहिला ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अ‍ॅकवर्थ. हे नाव साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ मध्ये इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे जमवून छापणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह आणि सूक्ष्मजीवांच्या वायूवर लागलेले आपल्याकडचे पहिले दिवे, दोन्ही एकाच कमिशनरच्या कामाशी जोडलेले आहेत. त्यामुळे मी आज व्यासपीठ चुकलो असे कुणी म्हणू नये!

विसाव्या शतकात हा धागा गोबर गॅसच्या रूपाने खेड्यांत आला. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि खत यांच्या प्रश्नाला हात घातला. देहू येथे डॉक्टर म्हणून आलेले डॉ. सुहास मापुस्कर यांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅस टाक्यांसाठी आयुष्य दिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गावाचे आरोग्य औषधाच्या बाटलीत नसून सांडपाण्याच्या वाटेत आहे, हे त्यांनी एका डॉक्टरच्या नजरेने ओळखले होते.

टाकीत काय घडते

भाताचे एक शीत टाकीत पडले असे समजू. तिथे त्याच्यावर चार टोळ्या एकामागून एक काम करतात.

पहिली टोळी शिताचे तुकडे करते. स्टार्चचे मोठे रेणू तोडून त्यांची साखर करते, प्रथिने आणि तेलही तोडते. दुसरी टोळी त्या साखरेची आम्ले करते. शिळ्या अन्नाला जो आंबट, कधी खवट वास येतो तो यांच्या कामाचा. तिसरी टोळी या निरनिराळ्या आम्लांचे मुख्यतः ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, करते आणि सोबत हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड सोडते. चौथी टोळी मिथेन बनवणाऱ्यांची. ते आम्ल आणि तो हायड्रोजन खाऊन मिथेन बाहेर टाकते. या चौथ्या टोळीतले जीव बॅक्टेरियासुद्धा नव्हेत. १९७७ मध्ये अमेरिकेतील कार्ल वोज यांनी त्यांचे कुळच वेगळे आहे हे दाखवले. आज त्यांना ‘आर्किया’ म्हणतात.

शेवटी जो वायू मिळतो त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो या शेवटच्याचा. टाकीतून बाहेर पडणारा काला वाया जात नाही. त्यातला नत्र, स्फुरद आणि पालाश तसाच राहतो. तो शेताला चांगला.

या चार टोळ्यांत एक मोठी विषमता आहे आणि पुढचे सगळे समजायला ती लक्षात ठेवली पाहिजे. आम्ल करणारे जीव चपळ आहेत, काही तासांत त्यांची संख्या दुप्पट होते. मिथेन करणारे संथ आहेत, त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. शिवाय ते नाजूक. त्यांना साधारण ३५ अंश तापमान आवडते, आंबटपणा सोसत नाही, आणि हवा तर बिलकूल नको.

पुणे, मुंबई, माथेरान, हैदराबाद

गोबर गॅस म्हणजे शेण, हे समीकरण आपल्या मनात घट्ट आहे. ते मोडले पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी. धोंडो केशव कर्वे यांचे हे नातू, इरावतीबाई आणि दिनकर कर्वे यांचे चिरंजीव. त्यांचा युक्तिवाद साधा होता. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेले अन्न. त्यातले बरेचसे सत्त्व तिने काढून घेतलेले असते. मग सूक्ष्मजीवांना उष्टे सत्त्व कशाला द्यायचे? त्यांना सरळ पिष्टमय, गोड अन्न द्यावे. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेच्या मांडणीनुसार ४० किलो शेणातून ४० दिवसांत जेवढा मिथेन मिळतो, तेवढा दोन किलो पिष्टमय पदार्थांतून एका दिवसात मिळतो. पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांपासून केलेल्या त्यांच्या घरगुती संयंत्राला २००६ मध्ये लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला.

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी मोठ्या प्रमाणावरच्या कचऱ्यासाठी ‘निसर्गऋण’ ही पद्धत उभी केली. तिच्यात टाक्या दोन. पहिलीत गरम पाणी आणि हवा देऊन कचरा आधी चांगला विरघळवतात, मग तो दुसऱ्या बंद टाकीत मिथेन करणाऱ्यांच्या ताब्यात देतात. म्हणजे चपळ आणि संथ या दोन टोळ्यांना वेगवेगळी खोली दिली. माथेरानला या पद्धतीच्या संयंत्रातील वायूवर जनित्र चालवून रस्त्यावरचे दिवे लावले गेले. जिथे मोटारी नाहीत आणि कचरा डोंगरावरून उतरवणे कठीण, तिथे ही सोय किती योग्य!

हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजीबाजारात रोज सुमारे दहा टन भाजीचा कचरा निघतो. तेथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेच्या पद्धतीवर चालणाऱ्या संयंत्रातून त्याची सुमारे ५०० युनिट वीज आणि ३० किलोच्या आसपास इंधनवायू मिळतो. बाजाराचे दिवे त्याच बाजाराच्या कचऱ्यावर. मुंबईत हाजी अलीजवळ २०२२ मध्ये हॉटेलांच्या अन्नकचऱ्यापासून वीज करून तिच्यावर मोटारी चार्ज करण्याचे केंद्र सुरू झाले.

हिशेब

उदाहरणे ऐकून उत्साह येतो. पण आपण व्यापारी गावांतली माणसे, हिशेब मांडल्याशिवाय उठणार नाही.

मिश्र शिजलेल्या अन्नाच्या एक टन कचऱ्यातून साधारण शंभर घनमीटर वायू धरायला हरकत नाही. लहान जनित्रावर एका घनमीटरची सुमारे दीड युनिट वीज होते. चुलीला वापरला तर एक घनमीटर म्हणजे साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरमधला गॅस.

आता एक हजार पानांचे लग्न घ्या. माणशी शंभर ग्रॅम उष्टे धरू. शंभर किलो झाले. त्यातून दहा घनमीटर वायू, म्हणजे पंधरा युनिट वीज किंवा सव्वाचार किलो गॅस. पंधरा युनिट हा आकडा ऐकून काहींचा हिरमोड होईल. कार्यालयाची रोषणाईच एका संध्याकाळी याहून जास्त खाते. घरातल्या रोजच्या एक किलो खरकट्याचा हिशेब केला तर नऊ वॅटचा एक दिवा सोळा तास चालेल, एवढीच वीज. घरोघरी अन्नकचऱ्याची वीज करा असे कुणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

बोवेनपल्लीत दहा टनांना ५०० युनिटच का, दीड हजार का नाही? भाजीत नव्वद टक्के पाणी असते. सूक्ष्मजीव पाणी खात नाहीत, कोरडा भाग खातात. म्हणून भाजीबाजारापेक्षा खाणावळीचा कचरा वजनाला वजन जास्त वायू देतो.

आणखी एक गोष्ट. इंजिनात वायू जाळला की त्यातल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, वीज होतो. बाकीची उष्णता म्हणून निघून जाते. शिवाय हायड्रोजन सल्फाइड इंजिनाचा धातू खातो, म्हणून वायू आधी लोखंडाच्या कीसातून न्यावा लागतो. तेव्हा जिथे जवळ चूल आहे तिथे वायू चुलीला द्यावा. जिथे चूल नाही पण रात्री दिवे लागतात, पंप चालतात, अशा बाजारात, संस्थांत, रस्त्यांवर त्याची वीज करावी. सौर विजेला सूर्य लागतो, हा वायू रात्री वापरता येतो, हे त्याचे खरे बळ.

थेट वीज

काही श्रोत्यांनी वाचले असेल की आता सूक्ष्मजीव वायूशिवाय थेट वीज देतात. ते खरे आहे. १९११ मध्ये इंग्लंडमधील डरहॅमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी यीस्ट आणि जिवाणू साखरेवर वाढवून त्यात प्लॅटिनमच्या पट्ट्या ठेवल्या, तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आतबाहेर दाब मिळाला.

हे कसे होते? कोणताही जीव अन्न पचवतो म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन काढतो आणि ते शेवटी कुणाच्या तरी पदरात टाकतो. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनला देतो. जिथे ऑक्सिजन नाही तिथल्या काही जिवाणूंनी ते चिखलातल्या लोहाला देण्याची युक्ती साधली आहे. १९८७ मध्ये अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना असा जिवाणू सापडला. पुढे त्याच्या कुळाला जिओबॅक्टर हे नाव मिळाले. प्रथिनांच्या अतिसूक्ष्म तंतूंवाटे तो इलेक्ट्रॉन शरीराबाहेर पाठवतो. लोहाच्या जागी आपण कार्बनची पट्टी ठेवली आणि तारेने ती हवेशी जोडलेल्या दुसऱ्या पट्टीला जोडली, की तारेतून वीज वाहते. यालाच सूक्ष्मजीव इंधन घट म्हणतात.

अडचण प्रमाणाची आहे. एका घटाचा दाब सुमारे अर्धा व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या एक तृतीयांश, आणि प्रवाह अगदी क्षीण. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात मुताऱ्यांतल्या लघवीवर अशा घटांनी तिथलेच दिवे लावून दाखवले. आपल्याकडे हैदराबादच्या त्याच संस्थेत आणि खरगपूरच्या आयआयटीत यावर काम झाले आहे. सांडपाणी शुद्ध करता करता थोडी वीज, असा त्याचा उपयोग आधी होईल. लग्नाच्या खरकट्यासाठी मात्र आजचा भरवशाचा मार्ग बायोगॅसचाच.

संयंत्रे का बंद पडतात

आता माझ्या धंद्याजवळचा भाग. बंद पडून गंजलेली गोबर गॅसची डोमे आपल्या गावागावांत दिसतात. लोक म्हणतात, ‘ते काही चालत नाही.’ माझ्या मते ते रोगी आहे, मेलेले नाही. त्याचे रोग बहुतेक तीन.

पहिला रोग अजीर्ण. आठवडाभर काही घातले नाही आणि आठव्या दिवशी दोन घमेली श्रीखंड-पुरी ओतली, की चपळ टोळी भराभर आम्ल करते, संथ टोळीला ते आवरत नाही, टाकी आंबते आणि मिथेन थांबतो. वायू येतो पण पेटत नाही, कारण तो नुसता कार्बन डायऑक्साइड असतो. उपचार माणसासारखाच. दोन-चार दिवस लंघन, थोडा ताजा शेणकाला, गरज पडली तर जपून थोडी चुन्याची निवळी, आणि मग हळूहळू आहार. लिटमसचा कागद दोन-चार रुपयांत आंबटपणा सांगतो. टाकीचे पाणी सातच्या आसपास असावे. मी अल्प मात्रेवर विश्वास ठेवणाऱ्या शास्त्राचा माणूस. इथेही सूत्र तेच : थोडे आणि रोज.

दुसरा रोग अपथ्य. प्लास्टिकचे पेले, चमचे, थर्माकोल, नारळाच्या करवंट्या, हाडे, आंब्याच्या कोयी. यांतले काहीच टाकीत पचत नाही, नळ मात्र तुंबतात. फिनेलचे पाणी, कपड्याच्या साबणाचे पाणी, टाकून दिलेली प्रतिजैविके टाकीत गेली तर जे जीव आपण पाळले तेच मरतात. लोणच्याचे मीठ आणि तळणाचे तेलही फार झाले की बाधते.

तिसरा रोग थंडी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथला पावसाळा लांबतो, पहाटे गारठा असतो. वीस अंशांखाली ही मंडळी आळसावतात. टाकी जमिनीत घेतली, उन्हाच्या बाजूला ठेवली, कोमट पाण्यात कचरा कालवला, तर बराच फरक पडतो. मुख्य म्हणजे थंडीत आहार कमी करावा.

या तिन्ही रोगांत सूक्ष्मजीवांचा दोष कुठेच नाही. कचरा वेगळा न करणारे, वेळेवर न घालणारे आणि कुणी पाहायचे हे न ठरवणारे आपण आहोत.

आपल्या भागात

साखर कारखान्यांमुळे आपल्या भागाला ही कल्पना नवी नाही. बगॅस जाळून होणारी वीज आपण ‘को-जन’ म्हणून ओळखतो. आसवनीच्या मळीच्या सांडपाण्यातून बायोगॅस, कारखान्याच्या प्रेसमडमधून गाड्यांसाठी गॅस हेही होऊ लागले आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने असा वायू विकत घेण्याची योजना आणली. पण कारखान्याला गाळपाचा हंगाम असतो आणि रोजचा माल असतो. खरकट्याचे तसे नाही.

इथे एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. एकट्या मंगल कार्यालयाला स्वतःचे संयंत्र चालवणे कठीण आहे. कारण सूक्ष्मजीव पंचांग पाहत नाहीत. मुहूर्त असतात तेव्हा दिवसाला दोन पंगती, आणि चातुर्मासात टाकी उपाशी. अजीर्ण आणि उपासमार यांचा असा फेरा कुठलेच पोट सहन करणार नाही. त्यासाठी आधी रोजचा आधार हवा. भाजीबाजार, खाणावळी, वसतिगृहे, दवाखान्यांची भोजनगृहे यांचा रोजचा कचरा जिथे एका जागी येतो तिथे संयंत्र असावे, आणि लग्नाचा कचरा तिथे वरकड म्हणून, दोन-तीन दिवसांत विभागून घालावा. बेळगावात शिक्षणसंस्थांची वसतिगृहे कमी नाहीत. निपाणीसारख्या गावी बाजार आणि बसस्थानकाभोवतालची हॉटेले मिळून हा आधार होऊ शकतो. अन्नदान चालणारे मठ आणि तीर्थक्षेत्रे तर याला सर्वांत योग्य. रोजचा स्वयंपाक आहे, चूल शेजारी आहे आणि माणसे शिस्तीची आहेत. तिथे वायू चुलीला, उरला तर रात्रीच्या दिव्यांना.

नियमही याच बाजूचे आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना ‘मोठे उत्पादक’ ठरवले आणि ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायला सांगितले. परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसांचा समारंभ करायचा तर तीन दिवस आधी नगरपालिकेला कळवावे आणि कचरा वेगळा करून द्यावा, असेही त्यांत होते. आपल्यापैकी किती जणांनी मुलामुलींच्या लग्नात हे विचारले?

तेव्हा करण्यासारखे काय? ज्यांच्या घरी येत्या वर्षात कार्य आहे त्यांनी कार्यालय ठरवताना वाढप्यांची संख्या आणि गाद्यांची सोय विचारता, तसा आणखी एक प्रश्न विचारावा : खरकटे कुठे जाते? आचाऱ्याच्या माणसांना दोन पिंपे द्यावीत, एक अन्नासाठी आणि एक पेल्या-पत्रावळींसाठी, आणि पिंपाजवळ घरचा एक जाणता माणूस उभा करावा. ज्यांचा एखाद्या वसतिगृहाच्या, देवस्थानाच्या किंवा बाजार समितीच्या कारभाराशी संबंध आहे त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय काढावा. महिनाभर रोजचा ओला कचरा वजन करून वहीत लिहावा. संयंत्र केवढे हवे, वायू किती येईल, हे त्या वहीवरून अभियंता सांगेल. वहीशिवाय बांधलेले संयंत्र पाच वर्षांनी गंजलेल्या डोमांत जमा होते.

आणि सर्वांआधीचे काम म्हणजे कमी टाकणे. आमच्या घरांत जुनी माणसे जेवण झाले की ताटात पाणी घालून ते पिऊन टाकत. पानात शीत राहू नये आणि त्यात जीव पडू नयेत, हा त्यामागचा भाव. शंभर किलो उष्ट्यातून पंधरा युनिट वीज होते हे आपण पाहिले. पण ते शंभर किलो अन्न पिकवायला, दळायला, शिजवायला जी ऊर्जा आणि जे पाणी गेले ते त्या पंधरा युनिटांच्या किती तरी पट आहे. बायोगॅसची टाकी उधळपट्टीचे प्रायश्चित्त नव्हे. सालपटे, देठ, पिळलेला चोथा, न टाळता येणारे खरकटे यांच्यासाठी ती आहे.

सूक्ष्मजीवांचा आपल्याला दोन हजार वर्षांचा नव्हे, विरजणाइतका जुना परिचय आहे. ते पगार मागत नाहीत, सुट्टी घेत नाहीत, भाषेचा आणि सीमेचा वाद घालत नाहीत. त्यांना रोज थोडे, स्वच्छ आणि वेळेवर लागते. तेवढे आपल्याकडून झाले तर आपल्या पंगतीचा शेवट दुसऱ्या गावाच्या शिवारात होणार नाही.